घसा बसला तेव्हा मागे कोण होतं?

नमस्कार. आजच्या व्याख्यानाचा नायक बीटल्स या बँडमधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाव त्याचं वारंवार येईल, कारण दौरा त्याचा होता, तिकिटं त्याच्या नावावर खपली आणि अपयशही त्याच्याच नावावर मांडलं गेलं. मला बोलायचं आहे ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या आणि बसलेल्या वादकांबद्दल. मी स्वतः पेटीची साथ करतो. कार्यक्रम पडतो की तरतो हे ठरतं तो क्षण मी नेहमी बाजूच्या जागेवरून पाहिला आहे, आणि त्या जागेवरून १९७४ चा हा दौरा पुस्तकांत वाचायला मिळतो त्यापेक्षा फार निराळा दिसतो.

आधी थोडक्यात हकिगत. बीटल्स १९७० मध्ये विभक्त झाले. त्यानंतर त्या चौघांपैकी उत्तर अमेरिकेचा दौरा करणारा पहिला माणूस हॅरिसन. २ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये सुरुवात, २० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवट. सात आठवडे, २६ शहरं, ४५ प्रयोग. काही ठिकाणी दुपारचा आणि रात्रीचा असे एकाच दिवशी दोन. आयोजनाची सूत्रं बिल ग्रॅहमसारख्या मुरलेल्या माणसाकडे होती, म्हणजे व्यवस्थेत कमतरता नव्हती. कमतरता होती ती गायकाच्या गळ्यात. ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत तालमी चालू असतानाच हॅरिसनचा घसा बसला आणि दौरा संपेपर्यंत तो नीट उघडला नाही.

याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. त्या वर्षी मे महिन्यात त्याने डार्क हॉर्स नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. त्याच नावाचा अल्बम अर्धवट पडला होता. त्याच वर्षी संसार मोडला होता. दिवसा तालीम, रात्री रेकॉर्डिंग, मध्ये कंपनीचा पसारा, आणि विश्रांतीला जागाच नाही. ज्या अल्बमसाठी हा सगळा खटाटोप, तो अमेरिकेतल्या दुकानांत आला ९ डिसेंबरला, म्हणजे दौरा संपायला दीड आठवडा उरला असताना. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाणी लोकांच्या कानावरून गेलेलीच नव्हती. ओळखीचं गाणं असेल तर श्रोता फाटक्या आवाजालाही सांभाळून घेतो, उरलेलं स्वतःच मनात म्हणतो. इथे ती सोय नव्हती. नवी गाणी, आणि ती म्हणणारा आवाज असा.

मग ४५ प्रयोग झाले कसे? माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ते साथीदारांनी करून दिले. तरीही या दौऱ्याचा हिशोब गेली पन्नास वर्षं एका माणसाच्या घशावरून मांडला जातो.

त्या रॉक बँडमध्ये कोण होतं ते बघा. ड्रमवर अँडी न्यूमार्क, जो त्याआधी स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमध्ये वाजवत होता. बासवर विली वीक्स. डॉनी हॅथवे या गायकाचा १९७२ चा लाइव्ह अल्बम ज्यांनी ऐकला असेल त्यांना वीक्स कोण हे सांगायला नको. त्यात शेवटी त्याचा एक लांबलचक बास सोलो आहे. तो सुरू होतो अगदी दबकत, दोन-चार सुरांवर, आणि लोक आधी हसत-बोलत असतात ते हळूहळू त्याच्याबरोबर डोलायला लागतात. बास या वाद्यावर एवढी माणसं खिळवून ठेवणारा वादक या दौऱ्यात काय करत होता, तर सात आठवडे खालचा सूर धरून होता. सॅक्सोफोनवर टॉम स्कॉट, गिटारवर रॉबेन फोर्ड. हे दोघे एल. ए. एक्सप्रेस या बँडचे, त्याच वर्षी गायिका जोनी मिचेलबरोबर दौरा करून आलेले. ट्रंपेटवर चक फिंडली, सॅक्स आणि बासरीवर जिम हॉर्न, तालवाद्यांवर एमिल रिचर्ड्स, आणि पुढे जिम केल्टनर हा दुसरा ड्रमर येऊन मिळाला.

आणि कीबोर्डवर बिली प्रेस्टन. त्याच्याजवळ जरा थांबायला हवं. दौरा सुरू होण्याच्या दोनच आठवडे आधी त्याचं स्वतःचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक गाणं पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. म्हणजे त्या घटकेला लोकप्रियतेत तो मुख्य कलाकाराच्या कुठेही मागे नव्हता. असा माणूस दुसऱ्याच्या मागे कीबोर्ड धरून बसतो, आपली दोन-तीन गाणी आली की उठतो, नाचतो, सगळं सभागृह उभं करतो आणि परत जाऊन साथीला बसतो. ज्या रात्री हॅरिसनचा आवाज अगदीच लागत नव्हता, त्या रात्री प्रेस्टनच्या गाण्यांनी लोकांना जागेवर धरून ठेवलं. टीकाकारांनीही हे नोंदवलं, पण बहुतेकांनी त्याचा अर्थ हॅरिसनचा पराभव असा लावला. साथीदार भाव खाऊन गेला, असं. मला हा अर्थ पटत नाही. हॅरिसनने स्वतः ती जागा ठेवली होती. कार्यक्रमाची सुरुवातच एका निव्वळ वाद्यांच्या तुकड्याने व्हायची, त्यात त्याला एक शब्द गायचा नव्हता. मध्ये टॉम स्कॉटला जागा, प्रेस्टनला जागा, भारतीय वादकांना तर मोठा विभाग. गळा चांगला असता तरी रचना बहुधा अशीच राहिली असती, कारण एकट्याने मिरवायची हौस या माणसाला कधी नव्हतीच. पण गळा बसल्यावर हीच रचना उपयोगाला आली.

आपल्या मैफलीत काय होतं हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. बुवांचा आवाज लागत नसेल तर कोणी तसं जाहीर करत नाही. पेटीवाला एरवी एक पाऊल मागे राहतो, तो त्या दिवशी सूर भरून ठेवतो. बुवा तार षड्जापर्यंत पोचणार नाहीत असं दिसलं की तानपुऱ्यावर बसलेला शिष्य अलगद तो षड्ज लावतो आणि बुवा खालूनच मुखडा पकडतात. ठुमरी असेल तर तबलजी लग्गी दोन आवर्तनं जास्त चालवतो, तेवढाच घशाला दम. समोरच्याला वाटतं, आज साथ रंगली. हे सगळं ठरवून होत नाही. डोळ्यांनी होतं, आणि त्यासाठी साथीदाराला गायकाच्या श्वासाचा अंदाज असावा लागतो.

याचा पाश्चात्त्य नमुना तुम्हाला ऐकायचा असेल तर त्या अल्बमचं शीर्षकगीत लावा. ते दौऱ्याच्या तालमी चालू असतानाच, दौऱ्याच्याच वादकांना घेऊन, स्टुडिओत जवळजवळ मैफलीसारखं एकत्र बसून ध्वनिमुद्रित केलेलं आहे. आवाज इतका घोगरा आहे की पहिल्या ओळीलाच कळतं, हा माणूस आजारी आहे. आता मागे ऐका. रॉबेन फोर्डची साधी, तारा मोकळ्या ठेवलेली गिटार. प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो, अगदी मऊ. आणि तीन बासऱ्या. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्या तिघांनी, स्कॉट, हॉर्न आणि फिंडली यांनी, आपली दणदणीत वाद्यं बाजूला ठेवून बासऱ्या उचलल्या. पितळी वाद्यांनी तो आवाज पार झाकून टाकला असता. बासरीत मुळातच फुंकरीचा अंश असतो, त्यामुळे घशातली खरखर तिच्यात मिसळते, वेगळी टोचत नाही. ओळ संपली की बासऱ्या येतात, ओळ सुरू झाली की सरकून जातात. गायकाला श्वास घ्यायला लागतो तेवढी जागा त्या भरतात, त्यापेक्षा जास्त एक सूरही नाही. मला हे गाणं हॅरिसनच्या चांगल्या आवाजातल्या बऱ्याच गाण्यांपेक्षा जवळचं वाटतं, आणि त्याचं निम्मं श्रेय मी या तिघांना देतो.

आता दौऱ्याचा दुसरा अर्धा भाग, जो आपल्या घरातला आहे.

हॅरिसनचा मुंबईच्या वादकांशी संबंध १९७४ च्या आधीचा. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत आला होता आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका इंग्रजी चित्रपटाच्या संगीताचं ध्वनिमुद्रण करून गेला. त्या रेकॉर्डच्या श्रेयनामावलीत शिवकुमार शर्मांबरोबर सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे अशी नावं आहेत. एका बीटलच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर नारिंग्रेकर आणि केंकरे! ही नावं आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत? त्याच यादीत रिजराम देसाद आहेत, ज्यांच्या हाताला कुठलंही तालवाद्य वर्ज्य नव्हतं. तेच देसाद सहा वर्षांनी या दौऱ्यात होते.

दौऱ्याआधी, १९७४ च्या सप्टेंबरमध्ये, पंडित रविशंकरांनी भारतातून वादक-गायकांचा एक वृंद इंग्लंडला नेला. हॅरिसनच्या हेन्लीतल्या घरी तालमी आणि ध्वनिमुद्रण झालं, २३ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. या वृंदात कोण होतं? तबल्यावर अल्लारखाँ. संतूरवर शिवकुमार शर्मा. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. सारंगीवर सुलतान खाँ. व्हायोलिनवर एल. सुब्रमण्यम आणि सत्यदेव पवार. मृदंगम आणि गायन टी. व्ही. गोपालकृष्णन. विचित्र वीणेवर गोपाल कृष्ण, शहनाईवर अनंत लाल, सतारीवर कार्तिक कुमार, म्हणजे आजच्या नीलाद्री कुमारांचे वडील. आणि गायनात लक्ष्मी शंकर, त्यांची कन्या विजी, बहीण कमला चक्रवर्ती. यातल्या कोणाही एकाच्या मैफलीला आपण दादर-माटुंग्याला दोन तास आधी जाऊन रांगेत उभे राहिलो असतो. इथे ते सगळे एका ओळीत, प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं.

एकल वादनात मुरलेल्या अशा मंडळींना एकत्र वाजवायला लावणं हे वेगळंच शास्त्र आहे. रविशंकर १९४९ पासून १९५६ पर्यंत आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात होते आणि तिथे वाद्यवृंदाचं काम त्यांनीच उभं केलं. आपल्या संगीतात स्वरमेळाची परंपरा नाही. मग वीस हात काय करणार? त्यांनी सवाल-जवाब, एका वाद्याने सोडलेला सूर दुसऱ्याने उचलणं, तबला आणि मृदंगम यांची समोरासमोर बसणी, असे मार्ग काढले. २०१० मध्ये त्या अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण डीव्हीडीवर निघालं आहे, ते जरूर मिळवून पाहा. अल्लारखाँसारखा माणूस दुसऱ्याच्या हाताच्या इशाऱ्यावर थांबतो आणि पुन्हा उचलतो, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. साथीची तालीम ज्याच्या अंगात मुरली आहे तोच हे करू शकतो.

अल्बर्ट हॉलमध्ये माणसं हे संगीत ऐकायला आली होती. अमेरिकेत हाच वृंद बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेल्या प्रचंड बंदिस्त मैदानांत जाऊन बसला. समोर दहा-पंधरा हजार माणसं, त्यांतली बरीचशी बीटल्सची गाणी ऐकायला आलेली. हॅरिसन त्या जुन्या गाण्यांतली जेमतेम चार म्हणत होता, तीही शब्द बदलून. संतूरला शंभराच्या आसपास तारा. बाहेर कडाक्याची थंडी, आत गरम यंत्रांची कोरडी हवा. अशा हवेत तबल्याची पुडी आखडते आणि सूर चढतो, तारा उतरतात, आणि लोक आरडाओरडा करत असताना हे सगळं जुळवायचं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच १ ऑगस्ट १९७१ रोजी, बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात, लोकांनी नुसत्या वाद्यजुळणीला टाळ्या दिल्या होत्या. जुळणी एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, असं पंडितजींनी तेव्हा त्यांना हसत सांगितलं होतं. त्या दिवशी लोकांना कळत नसलं तरी आदर होता. तीन वर्षांनी काही शहरांत तोही नव्हता.

व्हँकूव्हरच्या पहिल्याच रात्री हे लक्षात आलं आणि कार्यक्रमाचा क्रम बदलावा लागला. हॅरिसन अस्वस्थ झाला, मंचावरून लोकांना बोलू लागला, शांत बसून ऐका म्हणू लागला. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. त्याचा जीव तुटत होता हे खरं आहे, भारतीय संगीतावरचं त्याचं प्रेम बावनकशी होतं. पण श्रोत्याला दटावलं की त्याची किंमत मागच्या वादकाला मोजावी लागते. दटावलेल्या सभागृहात पहिला सूर लावायची पाळी लक्ष्मी शंकरांवर किंवा शिवकुमारांवर यायची, त्याच्यावर नाही. काही मिनिटांच्या तुकड्यात चिडलेल्या माणसाला आपलंसं करायचं, हे काम त्यांनी रोज केलं. आणि जिथे केलं तिथे लोक उभे राहिले, हेही तितकंच खरं. सगळीच परीक्षणं वाईट नव्हती. काही शहरांतल्या वर्तमानपत्रांनी या वृंदावर भरभरून लिहिलं. पण देशभर वाचला जाणारा लेख होता तो 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकातला बेन फाँग-टोरेसचा, आणि त्याचा सूर कडक होता. पुढे सगळ्यांनी तोच सूर उचलला.

कार्यक्रमाच्या एका भागात दोन्ही वृंद एकत्र वाजवत. न्यूमार्कचे ड्रम आणि अल्लारखाँचा तबला, वीक्सचा बास आणि सुलतान खाँची सारंगी. रविशंकरांनीच रचलेले तुकडे, आणि त्यांत लक्ष्मी शंकरांनी गायलेलं, कृष्णाच्या विरहाचं एक इंग्रजी गीत. त्यावेळी 'फ्यूजन' हा शब्द आजच्यासारखा गल्लोगल्ली झालेला नव्हता. माझ्या मते या दौऱ्यातलं सर्वांत धाडसी काम हे होतं. हॅरिसन त्यात बहुतेक वेळ साथीदाराच्या भूमिकेत असे, आणि ती त्याला शोभत असे.

नोव्हेंबरच्या अखेरीस शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा त्रास झाला, रुग्णालयात ठेवावं लागलं. आता मुख्य गायकाचा घसा बसलेला आणि भारतीय वृंदाचा सूत्रधारही मंचावर नाही. दौरा इथे थांबला असता तर कोणी नावं ठेवली नसती. तेव्हा वृंदाची सूत्रं लक्ष्मी शंकरांनी हाती घेतली.

या बाईंबद्दल दोन शब्द. १९२६ चा जन्म, मूळच्या भरतनाट्यमच्या नर्तिका, उदय शंकरांच्या पथकात गेल्या, रविशंकरांचे बंधू राजेंद्र यांच्याशी लग्न झालं. फुप्फुसांच्या आजाराने नृत्य सुटलं. तेव्हा गायनाकडे वळल्या आणि पतियाळा घराण्याचे उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकल्या. म्हणजे एकदा शरीराने साथ सोडल्यावर नव्याने सुरुवात कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं. परक्या मुलखात अल्लारखाँ, शिवकुमार, हरिप्रसाद अशा दिग्गजांच्या पुढे उभं राहून हाताने सम दाखवायची, शिवाय स्वतः गायचं, आणि तेही हॉकीच्या मैदानात. त्या दिग्गजांचाही मोठेपणा बघा. कोणी मानपान काढला नाही, कोणी विमान पकडून परत आलं नाही. दौऱ्यावरच्या पुस्तकांत या प्रसंगाला एखादं वाक्य मिळतं. माझ्या हिशेबी तो या दौऱ्याचा कणा आहे.

डिसेंबरच्या मध्यावर पंडितजी पुन्हा मंडळींत होते. १३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी व्हाइट हाउसमध्ये या मंडळींची भेट घेतली, तेव्हा हॅरिसनबरोबर तेही होते, बिली प्रेस्टनही होता. आठवड्याभरात दौरा संपला. हॅरिसनने अमेरिकेत पुन्हा कधी दौरा केला नाही. नंतरचा एकच दौरा, १९९१ चा, जपानचा, आणि तेव्हा एरिक क्लॅप्टनचा अख्खा बँड त्याच्या पाठीशी होता.

साथीदारांचं पुढे काय झालं? न्यूमार्क १९८० मध्ये जॉन लेननच्या शेवटच्या अल्बमवर वाजला. रॉबेन फोर्ड पुढे माइल्स डेव्हिसकडे गेला. शिव-हरींनी चित्रपटांना संगीत दिलं, ते तुम्हाला सांगायला नको. सुलतान खाँची सारंगी नंतर जगभर पोचली. लक्ष्मी शंकर अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि डिसेंबर २०१३ मध्ये तिथेच वारल्या.

या दौऱ्याचा अधिकृत लाइव्ह अल्बम निघाला नाही. एखाद-दुसरं गाणं पुढे बाहेर आलं, तेवढंच. गायकाचा आवाज वाईट म्हणून अख्खं ध्वनिमुद्रण बाजूला पडलं, आणि त्याबरोबर अल्लारखाँ आणि न्यूमार्क यांनी एकत्र धरलेला ठेकाही. निदान वाद्यांचे तुकडे आणि भारतीय विभाग तरी वेगळा काढून द्यायला हवा होता, अजूनही द्यायला हवा. त्यातले शिवकुमार २०२२ मध्ये गेले, अल्लारखाँ त्याआधी बावीस वर्षांपूर्वी. जे आज आहेत, त्यांच्या कानावर तरी ते एकदा पडावं.

आता प्रश्न घेण्याआधी दोन गोष्टी ऐकू या. आधी डार्क हॉर्स, तीन बासऱ्यांवर लक्ष ठेवून. मग लक्ष्मी शंकरांचं विरहगीत, स्टुडिओतलं, १९७३ सालचं. ते 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' या अल्बमवर दोनदा आहे, एकदा पाश्चात्त्य वाद्यमेळ घेऊन आणि एकदा भारतीय वाद्यांत. मी दुसरं लावतो आहे. मागचे दिवे थोडे कमी केले तरी चालतील, पंखा मात्र बंद करा, आवाज येतो त्याचा.